पदरातला दगड

दोन हजार अठरा साली चिंचखिंडीचं धरण श्रावणाच्या सुरुवातीलाच भरलं, आणि धरण झाल्यापासून पहिल्यांदाच त्याची ओटी नवसाबाईनं भरली नाही.

तिला हे कळलं तेव्हा ती दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. ओटीचेच. धरणावरच्या कॉलनीतली सगळ्यांत म्हातारी सरुआजी आली, उंबऱ्याला टेकली आणि पदराने वारा घेत म्हणाली,

"नवसे, औंदा वटी मालनच्या हातनं भरू म्हनत्यात समद्या."

"कोन समद्या?"

"समद्या म्हंजे समद्या. आता तुला काय फोडून सांगायचं? सोमाला जाऊन वरीस नाय झालं."

"धरण काय सोमाचं व्हतं? तो गेला म्हनून बाटंल ते?"

"तोंड नको चालवू. रीत हाय."

"रीत कोनी घातली, आजी? पयल्यांदा धरण भरलं तवा तूच मला फुडं ढकललंस. म्हनलीस, पानी तुझ्या वावरात बसलंय, वटी तूच भर. म्हनली व्हतीस का नाय?"

सरुआजीला ते आठवत होतं. तिने सुपात हात घालून चार दाणे चोळून पाहिले.

"चांगलं निवडलंस," ती उठता उठता म्हणाली. "दे मालनला नेऊन."

चिंचखिंड वणीच्या डोंगरांच्या मागल्या अंगाला आहे. दोन्हीकडे मातीची लांब भिंत, मधे दगडी सांडवा, सांडव्यावर लोखंडी दरवाजे. हे धरण झालं तेव्हा नवसाबाई आणि तिचा नवरा सोमा यांचं भाताचं वावर पाण्याखाली गेलं, आणि त्या बदल्यात सोमा धरणावर खलाशी म्हणून लागला. दरवाजे किती उचलायचे, कधी मिटायचे, हे साहेब सांगायचे. उचलायचा आणि मिटायचा सोमा. आपलं शेत बुडवणाऱ्या पाण्याची राखण करण्यात त्याचा जन्म गेला, आणि निवृत्तीला थोडे महिने उरले असताना पौषात तोही गेला. सरकारी खोली खरं तर सोडायला हवी होती. पण कॉलनीतल्या निम्म्या खोल्या पडक्या, त्या मागणारं कुणी नव्हतं, म्हणून नवसाबाईला कुणी उठवलं नाही.

शेजारच्या खोलीत खंडेराव राहायचे. कालव्याचे निरीक्षक. त्यांची बायको मालनबाई चांदवडकडची. कालवा जिथं संपतो तिथं त्यांच्या भावकीची द्राक्षबाग होती. दरवर्षी होळीच्या सुमाराला द्राक्षांचे खोके यायचे आणि मालन घरोघर घड वाटत फिरायची. नवसाबाई घड घ्यायची, "गोड हायेत हां" म्हणायची, आणि आत येऊन नवऱ्यासमोर आपटायची.

"माझं वावर पिऊन गोड झालीत."

सोमा हसायचा. "अगं, धरण कशाला बांधत्यात? वणीला प्यायला जातं, कालव्यानं शेतीला जातं, लय पाऊस झाला तर खालच्या गावांचा पूर अडतो. आपल्या वावरानं येवढं केलं."

"मग येखादा कालवा वर बी काढायचा."

"पानी वर चढत नाय, नवसे."

हे तिलाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि जळणं वेगळं. मालनची मोटारसायकल, मालनचा मनमाडला रेल्वेत लागलेला मुलगा, मालनच्या खोलीवरचे न गळणारे पत्रे; भिंत एकच, आणि पलीकडचं सगळं नवसाबाईला अलीकडून दिसायचं. ज्याच्यावरून मालनला तिचा हेवा वाटावा असं नवसाबाईजवळ एकच होतं. ओटी. त्या दिवशी मालन इतर बायकांत भिंतीवर उभी असायची, आणि हिरवी साडी, खण, नारळ घेऊन पायऱ्या उतरायची ती नवसाबाई. दुपारी पुढारी यायचे, भाषणं व्हायची, जलपूजन म्हणून पुन्हा एक नारळ फुटायचा. पण धरणाची खरी ओटी सकाळीच भरून झालेली असायची, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

त्या ओटीत एक गोष्ट मात्र फक्त नवसाबाईला आणि सोमाला ठाऊक होती.

पहिल्या वर्षी साडी सोडली, तर ती बुडेचना. पाण्यावर पसरून हळूहळू दरवाजांकडे सरकायला लागली. सोमाने ती गळ टाकून ओढून काढली. घरी आल्यावर तो म्हणाला, "दरवाजा खालनं उघडतो. वरनं पानी निवांत दिसतं, पर ओढ खाली असती. कापड तिकडं गेलं का फसलं. फुडच्या येळंला पदरात दगड बांध, आन उत्तरंच्या पायऱ्यांवरनं सोड."

दगड कुठला, हे तिने स्वतःच ठरवलं. वैशाखात पाणी मागे हटलं की त्यांच्या बुडालेल्या वावराचा बांध उघडा पडायचा. नवसाबाई तिथं जायची, बांधावरचा एक दगड उचलून आणायची, धुऊन खिडकीत ठेवायची. श्रावणात तो पदरात बांधला की साडी सरळ खाली जायची. वावरातला दगड वावरात. वरून बघणाऱ्या बायकांना तिची फक्त पाठ दिसायची.

त्याही वर्षी वैशाखात तिने दगड आणला होता. काळसर, नारळाएवढा. खिडकीत होता.

मालन संध्याकाळी नळावर भेटली.

"रागावलीस व्हय, नवसाबाई?"

"मी कशाला रागावू? मान काय कुनाच्या बापाचा असतो?"

"मग सांग की कसं करायचं. मला बाई यातलं काय ठावं नाय. सगळ्यांदेखत चुकलं तर हसं व्हईल."

नवसाबाई हंडा घासत होती. हंडा स्वच्छ होता, तरी घासत होती. "काय अवघड नाय. हळदकुंकू वाहायचं, खण-नारळ घालायचा, साडी सोडायची."

"कुठनं सोडायची?"

"कुठनं बी. पानी समदीकडं येकच."

"आन आनखी काय?"

मालनच्या खांद्यावरून नवसाबाईला आपली खिडकी दिसत होती.

"काय नाय," ती म्हणाली.

मालन वाकली आणि नळाच्या चिखलातच तिच्या पाया पडली. "तू मोठी हायेस. तुझ्या मनात आसंल तरच मला हे लाभंल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच ध्वनिक्षेपक लागला. त्या वर्षी पुढारी लवकर आले, बायकोला घेऊन आले, आणि पुढाऱ्यांच्या बायकोला मालन फार आवडली. फोटो चांगला यावा म्हणून दोघी दरवाजांवरच्या पुलावर गेल्या. पाणी अजून येत होतं, म्हणून दोन नंबरचा दरवाजा थोडा उचललेला होता. मालन कपाळभर कुंकू लावून पुढे झाली आणि तिने साडी कठड्यावरून सोडली.

साडी पाण्यावर उलगडली. सगळ्या बायका "आहाहा" म्हणाल्या. थोडा वेळ हिरवं शेत तरंगावं तशी ती तरंगली, मग भिजून गडद झाली, आणि एका टोकाने कुणी ओढावी तशी खाली गेली.

नवसाबाई सगळ्यांच्या मागे उभी होती. सोमा असता तर धावला असता. ती दोन पावलं पुढे झालीसुद्धा. तेवढ्यात मालनने वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी, गळ्यात पुढाऱ्यांच्या बायकोने घातलेला हार. नवसाबाईची पावलं होती तिथंच थांबली.

संध्याकाळी पावसाने उघडीप दिली, तसा दरवाजा मिटायला घेतला. सोमाच्या जागी योगेश नावाचा नवा माणूस आला होता. त्याने दरवाजा पुरा खाली आणला, तरी पाण्याचा आवाज थांबेना.

"साहेब, दोन नंबर बसत नाय," तो ओरडला.

शाखा अभियंता ज्ञानेश साहेब बॅटरी घेऊन खाली उतरले. दरवाजाच्या बुडाला पाणी अडवायला रबराची जाड पट्टी असते. तिच्या नटबोल्टांत कापड फसलं होतं आणि फटीतून पाण्याचा पट्टा सुटला होता. सांडव्याच्या उतरणीवर त्या पाण्यात साडीचं टोक फडफडत होतं, हिरव्या जिभेसारखं.

दरवाजा वर घेऊन पाहिला, खाली घेऊन पाहिला. साडी सुटेना. दर खेपेला इतकं पाणी जायचं की साहेबांनी हात वर केले. "राहू द्या. पाऊस पडला तर येणारं पाणी भरून काढेल. पाणी दरवाजाच्या खाली उतरलं की काढू."

आता मालनचं हसं होणार, नवसाबाईने मनात म्हटलं. तिला भीतीही वाटली आणि, खोटं कशाला, बरंही वाटलं.

पण झालं उलटंच. वणीच्या बाजारात बातमी पोचली ती अशी की, चिंचखिंडीच्या धरणानं मालनबाईची साडी ठेवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात बायका बघायला यायला लागल्या. नवरात्रात वणीच्या गडावर जाणाऱ्या गाड्या आडवाटेने धरणावर वळायच्या. सांडव्याच्या कठड्यावर हळदकुंकू साचलं. ज्यांना ओटी भरायची असे त्यांना पाण्यात काही सोडायला मनाई होती, म्हणून त्या मालनचीच ओटी भरून जायच्या. मालन आधी लाजली, मग नको नको म्हणाली, मग दारात पाट टाकायला लागली. दसऱ्यापर्यंत ती सांगू लागली, "पानी मला झोपंत हाक मारतं गं."

भिंतीपलीकडे नवसाबाई ते ऐकायची.

"तू येवढी वर्सं वटी भरलीस," सरुआजी एकदा सुपारी कातरता कातरता म्हणाली. "तुझी साडी कवा ठेवून घेतली का गं त्यानं?"

नवसाबाईला वाटलं, खिडकीतला दगड उचलून आपल्याच कपाळात घालावा. एक शब्द बोलला असता तर सगळा देव्हारा खाली आला असता. देव नाही, काही नाही, रबराची पट्टी आहे. पण मग लोकांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? आणि ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? मत्सराने तिला बोलू दिलं नव्हतं, आणि आता त्याच मत्सराच्या आगीत ती गप्प बसून भाजत होती. मालनच्या दारातल्या नारळांच्या शेंड्या वाऱ्याने उडून तिच्या अंगणात यायच्या आणि ती त्या झाडून परत पलीकडे ढकलायची.

त्या वर्षी पाऊस श्रावणानंतर परत फिरलाच नाही. दोन नंबरच्या फटीतून मात्र पाणी अखंड चाललं होतं. ते नदीत जायचं, वाळूत मुरायचं, कुणाच्या कामाला यायचं नाही. माघात एका सकाळी नवसाबाई जागी झाली ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. पाणी दरवाजाच्या खाली उतरलं होतं.

चैत्रात कालव्याला शेवटचं पाणी सुटलं. ते मधल्या गावांपर्यंत गेलं आणि संपलं. चांदवडच्या बाजूला, शेपटाला, पोचलंच नाही. तिकडे खंडेरावांची मोटारसायकल लोकांनी अडवली. लोकांत त्यांचे सख्खे भाऊ होते.

"तुझ्या बायकोच्या साडीनं आमची बाग वाळवली, दादा," धाकटा भाऊ म्हणाला. "फोड म्हनावं आता नारळ."

ज्ञानेश साहेबांनी परोपरीने सांगितलं, की मुळात पाऊसच झाला नाही, गळती तर त्यातला एक हिस्सा. पण पावसाची गचांडी धरता येत नाही, माणसाची येते. ज्या बायकांनी मालनची ओटी भरली होती त्याच आता वाट वाकडी करून जाऊ लागल्या. मालनने पाट आत घेतला. दार लावून घेतलं.

पट्टी बदलायला माणसं आली तेव्हा साडी निघाली. योगेशने ती आणून मालनच्या दारात ठेवली आणि कडी वाजवून निघून गेला. उन्हात फडफडलेलं टोक विटून पांढरं पडलं होतं. दरवाजाखाली दबलेला भाग मात्र होता तसा हिरवागार.

दुपारी मालन ती साडी घेऊन नवसाबाईकडे आली. बसली. साडी मांडीवर ठेवली. एकाएकी म्हणाली,

"येक इचारू? तू येवढी वर्सं साडी सोडलीस. तुझी कवा फसली नाय. का?"

नवसाबाई चुलीपुढे होती. सोमा नेहमी म्हणायचा, मातीच्या भिंतीतून थोडं पाणी झिरपू द्यावं लागतं; त्याला वाट ठेवली नाही तर तीच भिंत एक दिवस फुटते. ती उठली, खिडकीतला दगड आणला आणि मालनच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो पदरात बांधायचा असतो. आन उत्तरंच्या पायऱ्यांवरनं सोडायची. दरवाजाकडं नाय."

मालनने दगडाकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं.

"मग तवा का नाय सांगितलंस?"

"तू इचारलं नाय."

"इचारलं व्हतं."

"व्हय," नवसाबाई म्हणाली. "इचारलं व्हतंस."

चुलीवरचं पाणी उतू जायला लागलं. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"बाग वाळली आमची. दीर तोंड बघंना. आन मी येडी, पाटावर बसून वट्या भरून घेत व्हते." मालनचा आवाज चढला नाही, चढला असता तर नवसाबाईला सोपं गेलं असतं. "सोमाभाऊ व्हते तवर तू आशी नव्हतीस."

"व्हते. तवा बी आशीच व्हते. तवा मान माझ्याकडं व्हता, म्हनून दिसत नव्हतं."

मालन उठली. साडी घेतली, दगड तिथंच ठेवला आणि निघून गेली. ही गोष्ट तिने सरुआजीला सांगितली नाही, खंडेरावांना सांगितली नाही. नवसाबाई रोज वाट पाहायची की आज कॉलनी आपल्या दारात येऊन आपल्याला धुऊन काढेल. कुणी आलं नाही. ते न येणं तिला फार जड गेलं. मालनजवळ आता माफ करण्याचाही मोठेपणा होता, आणि त्याचाही नवसाबाईला हेवा वाटला.

पुढच्या श्रावणात धरण भरून वाहिलं. सगळे दरवाजे उचलले गेले, भोंगा वाजत होता, खालच्या गावांना निरोप गेले होते. पुढारी पूर बघायला दुसरीकडे गेले होते. एका सकाळी मालन ओटीचं ताट घेऊन नवसाबाईच्या दारात उभी राहिली. डोईवर पदर होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"दगड दे."

नवसाबाईने दगड दिला.

"मला गाठ येत नाय. तू बांध. आन चल संगं, पायऱ्या दाखव."

"मी कशी येऊ? लोक बघतील."

"लोकांना पाठी दिसतात," मालन म्हणाली.

दोघी उत्तरेच्या पायऱ्या उतरल्या. नवसाबाईने पदराला गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा एक मारली. मालनने हळदकुंकू वाहिलं आणि हात सोडला. साडी सरळ खाली गेली. पाण्यावर एक सुरकुती उमटली आणि मिटली.

"गेली?"

"गेली."

तेव्हाही, खरं सांगायचं तर, नवसाबाईच्या काळजात बारीक कळ आली. सोडणारा हात आपला नव्हता. पण गाठ आपली होती, आणि वावरही.

सरुआजी त्याच हिवाळ्यात गेली, झोपेतच. खंडेराव कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नाशिकच्या दवाखान्यात वारले. मालनला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. ती बातमी आली तेव्हा नवसाबाई भिंतीपलीकडे गेली आणि तिच्याजवळ बसून राहिली. त्या वर्षी ओटीचं मालनला कुणी काही विचारलं नाही, आणि तिला सांगायलाही कुणी आलं नाही. ती चांदवडला दिरांकडे राहायला गेली. द्राक्षाची बाग त्यांनी काढली, आता कांदा करतात. ज्ञानेश साहेबांची बदली झाली. दरवाजे आता खोलीत बसून बटणावर चालतात, तरी योगेश एकदा पुलावर जाऊन खाली वाकून बघतोच. ओटी त्याची बायको निकिता भरते. तिला नवसाबाईने पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं, न विचारता.

गाठ अजून नवसाबाईच बांधते. फक्त तिच्यात आता दोन दगड असतात. दर वैशाखात वणीकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी मालन एक दगड पाठवते, त्यांच्या शेतातला, जिथं कालवा संपतो तिथला. निरोप काही नसतो. नवसाबाई दोन्ही दगड दोन तळहातांवर घेऊन बघते.

गेल्या वैशाखात मालनचा दगड मोठा निघाला. नवसाबाईने तो धुतला, पुसला, खिडकीत ठेवला. आपला त्याच्याशेजारी ठेवून पाहिला. मग आपला उचलून पदरात घेतला, आणि ऊन उतरल्यावर काठी टेकत, भेगाळलेल्या गाळातून जपून पावलं टाकत ती आपल्या बांधावर गेली. तो दगड तिने जागच्या जागी परत ठेवला, आणि दुसरा, थोडा आणखी मोठा, शोधत अंधार पडेपर्यंत बांधावर फिरत राहिली.